दोन पासपोर्टांमधली सेरवा

लंडनमधल्या टॉटनहॅमच्या त्या इमारतीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं. पण सेरवाच्या मनात काय शिजतंय ते तिच्या नवऱ्यालाही कधी कळलं नाही. बिचारा वाट पाहून पाहून शेवटी दुसरीकडे राहायला गेला. तो गेला त्या दिवशीही सेरवा वेळेवर कामावर पोचली होती, असं म्हणतात. म्हणतात कशाला, खरंच पोचली होती. खिडकीतून पाहणारे काही कमी नव्हते.

वय सत्तेचाळीस. चौदा वर्षं एकाच केअर होममध्ये परक्या म्हाताऱ्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं. तिथल्या मुख्य बाई मिसेस प्रिचर्ड म्हणायच्या, सेरवा म्हणजे घड्याळ आहे. त्यावर खालच्या दुकानात वेण्या घालणारी फेलिसिया म्हणायची, "घड्याळ निदान टिकटिक तरी करतं!"

तर या सेरवाला जूनमधल्या एका मंगळवारी ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. टाउन हॉलमध्ये राणीच्या तसबिरीखाली तिनं शपथ घेतली. फेलिसिया केंटेचं रंगीत कापड नेसून, डोक्यावर एवढं मोठं फडकं बांधून गेली होती, की मागच्या दोन रांगांना राणी दिसलीच नाही. शपथ झाल्यावर तिनं आरोळी ठोकली आणि सेरवाला मिठी मारून विचारलं, "कसं वाटतंय गं, सिस्टर?"

सेरवा म्हणाली, "बूट चावतोय."

सरकारचं पत्र आलं की आपल्या घानाच्या लोकांत एक रीत आहे. पत्र उघडायचं, मोठ्यानं वाचायचं, चार जणांना दाखवायचं आणि खणात ठेवून द्यायचं. सेरवा पत्र वाचते आणि त्यात लिहिलंय तसं करते. तिच्यात दुसरा काही वाईट गुण नाही. नागरिक झाल्यावर राहण्याच्या परवान्याचं जुनं कार्ड परत पाठवा, असं पत्रात होतं. बुधवारी तिनं ते कापून पाठवलं. पहिल्या पासपोर्टच्या अर्जासोबत जुना पासपोर्ट आणि नागरिकत्वाचा दाखला जोडा, असं होतं. गुरुवारी तिनं घानाचा हिरवा पासपोर्ट आणि दाखला, दोन्ही रवाना केले. गुरुवारी संध्याकाळी तिच्या घरात तिचा फोटो असलेली एकच वस्तू उरली होती. वाचनालयाचं कार्ड.

आणि रविवारी सकाळी सहा वाजता दारावर थाप पडली.

दारात पास्टर ओबेंग, गावच्या मंडळाचे एक वडीलधारे आणि फेलिसिया. तिघं आत आले, सोफ्यावर ओळीनं बसले, पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर पास्टरनी घसा साफ केला आणि माणसाचं आयुष्य कसं सकाळच्या धुक्यासारखं असतं वगैरे सुरू केलं. सेरवानं ग्लास उचलले.

"पास्टर, तुम्ही सकाळी सहाला आलात," ती म्हणाली, "आणि फेलिसिया ओठ न रंगवता आली आहे. आई गेली ना?"

पास्टरांचं धुकं तिथंच विरलं. फेलिसियानं हंबरडा फोडला. सेरवा स्वयंपाकघरात गेली, ग्लास विसळले, पालथे घातले आणि बाहेर येऊन म्हणाली, "माझी सातची पाळी आहे. बसा तुम्ही. जाताना दार ओढून घ्या."

ही गोष्ट सोमवारपर्यंत जवळच्या सेव्हन सिस्टर्स भागातल्या बाजारात पोचली. कुणी म्हणालं बाई दगड आहे, कुणी म्हणालं धक्का बसलाय. तिला काय वाटत होतं ते विचाराल, तर तिला वाटत होतं की कानात कापूस घातलाय आणि तो कुणी घातला ते आठवत नाही.

गावाहून, एफिदुआसेहून, वोफा आजेमानचा फोन आला. वोफा म्हणजे आईचा थोरला भाऊ. घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याच्याकडे शब्द पुष्कळ असतात, त्यामुळे शेवटचा यायला वेळ लागतो.

"तीन ऑगस्ट, शनिवार," वोफा म्हणाला. "तोवर तुझी आई फ्रीजमध्ये आहे. घाई नाही. लंडनहून लेक आल्याशिवाय माझ्या बहिणीला मी मातीत घालणार नाही. पेटीत ठेवायचं कापड, रुमाल, साबण, सगळं तुझ्या हातानं. दुसऱ्या कुणी ठेवलं तर ती वर जाऊन सांगेल काय, की मला लेक नव्हती?"

"पासपोर्ट यायचाय, वोफा."

"येईल गं. पोस्टर छापायला दिलंय. तुझ्या नावापुढे कंसात लंडन घातलंय. आता आली नाहीस तर कंस कुठे लपवू?"

"तारीख पुढे नाही नेता येणार?"

"पाच ऑगस्टपासून सरदारांची बंदी. सहा आठवडे गावात रडणं नाही, ढोल नाही, पुरणं नाही. दर वर्षीचंच आहे, विसरलीस? त्याच्या आतच उरकायला हवं."

मग वाट पाहणं सुरू झालं. सतरा जुलैला तपकिरी पाकीट आलं. फेलिसिया दुकानातलं अर्ध्या वेण्यांचं गिऱ्हाईक सोडून वर धावली. पाकिटात जुना हिरवा पासपोर्ट निघाला, सोबत दाखला. तपासून झाला, परत केला, असं पत्र. नव्याचा पत्ता नाही. त्याआधी म्हणे एक मुलाखत.

बावीस तारखेला मुलाखत झाली. काचेपलीकडची मुलगी गोड होती. तुमचं नाव काय, घर कुठल्या मजल्यावर, आईचं नाव काय, जन्म कुठला. सेरवा एकेक उत्तर देत गेली.

"आई आता कुठे असतात?"

"फ्रीजमध्ये," सेरवा म्हणाली.

मुलीचा हात थांबला. तिनं पुन्हा विचारलं. सेरवानं पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. खरं होतं ते खरं होतं. मुलीनं काय लिहून घेतलं देव जाणे. पासपोर्टला उशीर त्यामुळेच झाला, असं फेलिसियाचं आजही ठाम मत आहे.

एकोणतीस जुलै उजाडला तरी पासपोर्ट आला नाही. त्या दिवशी फेलिसियाच्या दुकानात सभा भरली. सभेला अध्यक्ष लागतो, तो आपोआप मिळाला: ब्रदर अँटवी. घानाला माल भरून मोठमोठी निळी पिंपं जहाजानं पाठवणं हा त्याचा धंदा, आणि सल्ला देणं हा त्याचा छंद.

"जुना पासपोर्ट हातात आहे ना? जा!" अँटवी म्हणाला. "घाना आपल्या लेकराला दार बंद करत नाही."

"आणि येताना?" सेरवानं विचारलं.

"येताना देव आहे."

"देव विमानतळाच्या काउंटरवर बसत नाही, ब्रदर," फेलिसिया म्हणाली. "तिथं एक पोरगी बसते, ती पासपोर्ट मागते."

"अगं, तिचं राहण्याचं कार्ड असेल ना! पुढल्या वर्षापर्यंत तारीख असेल त्याच्यावर. ते दाखवायचं, हसायचं, चढायचं."

"कार्ड परत पाठवलं मी," सेरवा म्हणाली.

दुकानातला केस वाळवण्याचा पंखा कुणीतरी बंद केला.

"परत? कुणाला?"

"सरकारला. पत्रात लिहिलं होतं."

अँटवी खुर्चीत बसला. वीस वर्षांत त्यानं पुष्कळ लोकांना पुष्कळ कागद सरकारपासून लपवताना पाहिलं होतं. परत करणारं माणूस तो पहिल्यांदा बघत होता. "सिस्टर सेरवा," तो अगदी हळू म्हणाला, "तू आता कुणाची आहेस? त्यांच्या दारात शिरायला तुझ्याकडे त्यांचा कागद नाही."

"त्यांचीच आहे. शपथ घेतली आहे मी."

"शपथ काउंटरवर दाखवता येते का?"

मिसेस प्रिचर्डना तिनं सगळं सांगितलं. बाई मनानं वाईट नव्हत्या. ऑगस्टची रजा दिली, सप्टेंबर बिनपगारी दिला, आणि म्हणाल्या, "एक ऑक्टोबरला तू सकाळी सातला इथं हवीस. त्यानंतर मला जागा भरावीच लागेल, वरून हुकूम आहे." चौदा वर्षांचं काम, आणि त्याला आता एक तारीख चिकटली. सेरवानं मान हलवली.

तीस जुलैला ती हिरव्या पासपोर्टवर निघाली. ठरलं ते असं. घराची किल्ली फेलिसियाकडे. पासपोर्ट आला की तो कुणीतरी जाणाऱ्याच्या हाती पाठवायचा. पोस्टावर आपला विश्वास नाही. आपला विश्वास जाणाऱ्या माणसावर. दर आठवड्याला चर्चमधून कुणीतरी जातच असतं, आणि त्याच्या सामानात अर्धं सामान दुसऱ्यांचंच असतं.

शनिवारी एफिदुआसेत लाल-काळ्या कापडांचा पूर लोटला. मांडव, खुर्च्या, कर्णे. पोस्टरवर आई हसत होती आणि खाली मोठ्या अक्षरात सेरवा, कंसात लंडन. पहाटे बायकांनी आईला न्हाऊ घालून सजवून निजवलं होतं. सेरवा पुढे झाली. बायका सरसावल्या, आता ही आडवी पडणार, हिला धरावं लागणार. दोघींनी तर बाह्याही मागे सारल्या होत्या.

सेरवानं कापडाची घडी उलगडली, आईच्या पायांवरून घातली, कडा दोन्ही बाजूंनी नीट खोचल्या. रुमाल हातात दिला. साबण उशाशी ठेवला. पाय गार लागले तेव्हा तिच्या मनात आलं, केअर होम असतं तर मी तिला मोजे घातले असते. एवढंच आलं. दुसरं काही येईल म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली. मागच्या मावशीनं दंडाला चिमटा काढला.

"रड की गं! सगळा गाव बघतोय."

"हो, मावशी."

"हो म्हणतेय! अगं, भाड्यानं आणलेल्या बायका तुझ्यापेक्षा जास्त रडल्या."

"लंडनच्या थंडीनं गोठलंय," कुणीतरी समजूतदारपणे म्हणालं. "वितळायला वेळ लागेल."

आई मातीत गेली. वोफा गर्दी पाहून तृप्त झाला. दोन दिवसांनी सरदारांची बंदी लागली आणि गाव गप्प झालं. सेरवाला ते बरं वाटलं. बरं म्हणजे, वेगळं काही वाटलं नाही.

नऊ ऑगस्टला फेलिसियाचा फोन आला. ती इतकी ओरडत होती की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी अंगणाला ऐकू गेलं. "आला! आला गं! तुझा फोटो आहे, सिंह आहे, घोडा आहे! फोटोत मात्र तू अशी दिसतेस, की अधिकाऱ्यानं घाबरून शिक्का मारला असेल."

पास्टरांचा मेहुणा एकवीसला विमानानं निघणार होता. त्याच आठवड्यात अँटवीचं एक पिंप सेरवाच्याच गावच्या घरी जायचं होतं: तांदूळ, मासळीचे डबे, साबण, अंत्यविधीत राबलेल्या लोकांना द्यायच्या वस्तू, आणि वोफाच्या बायकोनं मागितलेल्या सोनेरी बकलाच्या चपला. फेलिसियानं काय करावं? पासपोर्ट एका मोज्यात घातला, मोजा चपलांच्या एका रिकाम्या खोक्यात घातला, वाटेत कुणी उघडू नये म्हणून खोक्याला चिकटपट्टी गुंडाळली. आपल्याकडे चिकटपट्टी गुंडाळायची म्हणजे आतली वस्तू आणि बाहेरचं जग यांचा संबंध संपवायचा. मग चपलांच्या खोक्यालाही तशीच गुंडाळली. दोन खोकी, दोन्ही एकाच दुकानाची. मेहुणा आला तेव्हा तिच्यासमोर एक नवरी बसली होती, अर्धं डोकं व्हायचं होतं.

"कुठलं?" मेहुण्यानं विचारलं.

"ते, ते खिडकीतलं!" फेलिसिया तोंडात पिना धरून म्हणाली.

चोवीस तारखेला मेहुणा एफिदुआसेत पोचला. सगळं घर जमलं. वोफानं चाकू मागवला. पट्टी काढता काढता चाकू बोथट झाला, मग कोयता आला. शेवटी झाकण उघडलं आणि सोनेरी बकलं चमकली.

वोफाच्या बायकोनं हळूच एक चप्पल काढली, पायात सरकवली, दोन पावलं चालून पाहिली.

"बरोबर बसते," ती म्हणाली.

"मूर्ख बाई!" वोफा गरजला. "ही घालून ती लंडनला जाणार आहे का?"

सेरवानं खोकं उलटं करून पाहिलं, कागद चाचपले, चपलेच्या आत बोटं घातली. मग फेलिसियाला फोन लावला. दुसरं खोकं फेलिसियानं स्वतःच्या हातानं पिंपाच्या तळाशी ठेवलं होतं. पिंप गुरुवारी गोदीत गेलं होतं. जहाज सुटलं होतं. सहा आठवडे.

हरवला म्हणून कळवावं का? सेरवानं अक्राच्या ब्रिटिश कार्यालयात फोन करून विचारलं. हरवला म्हणून लिहिलंत तर तो रद्द होईल, नवा मागायला लागेल, इथून त्याला कित्येक महिने. म्हणजे समुद्रच लवकर. तिनं आभार मानले आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस एकसारखे होते. पहाटे पाचला जाग यायची. न्हाऊ घालायला कुणी नसायचं. ती अंगण झाडायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. आईच्या खोलीत आईच्या गादीवर झोपायची, तरी स्वप्नसुद्धा पडायचं नाही. दर रविवारी अँटवी जहाजाची खबर द्यायचा, जणू त्यानंच ते वल्हवत आणलंय. "लास पाल्मासला लागलं, सिस्टर!" "आता आफ्रिकेच्या कडेकडेनं येतंय, सिस्टर!" केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणायला गेली की बाजारातल्या बाया विचारायच्या, "काय लंडन, कधी जाणार?"

"जहाज आलं की."

"ऐका! बाई विमानानं येते आणि तिचा पासपोर्ट बोटीनं. उलटं गं तुमचं सगळं. निदान त्याला तरी समुद्र बघायला मिळाला!"

सेरवा केंकी घ्यायची, मिरचीची चटणी जास्त मागायची. तिखट लागतं का, हे ती मुद्दाम बघत असे. जिभेला लागायचं. पुढे कुठे जायचं नाही.

पंचवीस सप्टेंबरला जहाज टेमा बंदराबाहेर रांगेत उभं असल्याचं कळलं. अठ्ठावीसला रांगेतच. तीसला सेरवानं आपली बॅग भरली, बंद केली, दाराशी ठेवली. एक ऑक्टोबरला सकाळी सात वाजता ती आईच्या पायरीवर बसली होती आणि हातात झाडू होता. चार दिवस कुणी निरोप पाठवला नाही. पाचव्या दिवशी सकाळी मिसेस प्रिचर्डचा आला, चांगला लांबलचक, पुष्कळ वाईट वाटत असल्याचा. जागा भरली. पुन्हा कधी निघाली तर जरूर अर्ज कर.

त्याच शनिवारी दुपारी ट्रकमधून निळं पिंप उतरलं.

गंमत बघा, आता कुणाला घाई नव्हती. वोफा जेवून झोपला होता. सेरवानं एकटीनं झाकणाची कडी काढली. साबण, डबे, तांदूळ, तांदूळ, आणि तळाशी खोकं. चिकटपट्टी तिनं नखांनी काढली. पाऊण तास लागला. मोज्यातून पासपोर्ट निघाला, नवाकोरा, तांदळाचा वास लागलेला. फोटोतल्या बाईनं तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. दोघींनाही एकमेकींना सांगण्यासारखं काही नव्हतं.

तिनं फेलिसियाला फोन लावला. "मिळाला."

"देवा! देवा तुझे उपकार! मग नोकरी?"

"गेली."

आणि फेलिसियाचा बांध फुटला. दीड महिन्याचं साठलेलं सगळं बाहेर आलं. खिडकी, नवरी, पिना, मेहुणा, माझे हात झडून जावोत, माझं तोंड बघू नकोस. मध्येच श्वास घेऊन ती म्हणाली, "अगं तू शिव्या तरी दे! रड तरी! मी एकटी किती रडू?"

"तू चालू ठेव," सेरवा म्हणाली. "मी ऐकतेय." तिनं फोनचा आवाज मोठा केला, तो पिंपाच्या काठावर ठेवला आणि डबे काढून ओळीनं लावू लागली.

रिकाम्या होत चाललेल्या पिंपात रडणं घुमतं, हे तिला माहीत नव्हतं. फेलिसियाचा हंबरडा पिंपातून दुप्पट होऊन अंगणाबाहेर गेला. शेजारचं दार वाजलं. मग पलीकडचं. असा आवाज आला की आपल्याकडे बाई चुलीवरचं उतरवते, कापड खांद्यावर टाकते आणि निघते. कारण नंतर विचारतात. पाच मिनिटांत सात बाया अंगणात आल्या होत्या आणि त्यातल्या दोघींनी दारातूनच सूर लावला होता.

"कोण गेलं?" सगळ्यात म्हातारी नाना आफ्रा धापा टाकत म्हणाली.

"कुणी नाही, नाना. पासपोर्ट आला."

"मग रडतंय कोण?"

"फेलिसिया. लंडनला."

"तिचं कोण गेलं?"

सेरवा हातातल्या डब्याकडे बघत राहिली. "माझी नोकरी," ती म्हणाली.

नाना आफ्रानं मान डोलावली. तिला नीट ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही. ती गोष्ट तिनं आजवर कुणालाच कळू दिलेली नाही. तिनं विचारलं, "किती वर्षांची होती?"

"चौदा."

"अरेरे," म्हातारी म्हणाली, "कोवळीच गेली." आणि तिनं बूड टेकलं, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि असा गळा काढला की फोनमधली फेलिसियासुद्धा क्षणभर थबकली. बाकीच्या गोल करून बसल्या. आलोच आहोत तर नीटच करू, असा बायांचा हिशेब. त्यांनी नोकरीचे गुण गायले. सकाळी लवकर उठवायची गं. महिन्याच्या महिन्याला घरी यायची गं. कधी दगा दिला नाही गं. तेवढ्यात वोफा झोपेतून उठून उघड्याच अंगानं बाहेर आला, काय झालं ते न कळून त्यानंही डोळे पुसले.

सेरवा उभी होती. मग नाना आफ्रानं गाताना न थांबता हात लांब केला, तिच्या कापडाचं टोक पकडलं आणि तिला खाली ओढलं. सेरवा बसली. गुरुवारचं तिकीट मिळत होतं. सोमवारपासून नवी नोकरी शोधायची होती. पासपोर्ट मांडीवर होता. शेजारणीच्या घामाचा, धुराचा वास येत होता, तिचा खांदा सेरवाच्या खांद्यावर आपटत होता, हलत होता, आणि थोड्या वेळानं सेरवाचा खांदाही त्याच लयीत हलू लागला.

ती रडली का, हे लंडनमध्ये आजही विचारतात. फेलिसिया तर भेटेल त्याला विचारते. सात बाया अगदी जवळ बसल्या होत्या, पण सांगणार कोण? प्रत्येकीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.